फायनलची कॅसेट

माकडांनी गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या छत्रीचा दांडा वाकवला आणि बिंदुमाधव पुणतांबेकरच्या शेअर ऑफिसातला पडदा सकाळी साडेदहाला काळा पडला. जानेवारी नव्याण्णवचा मंगळवार होता. लखनौहून इंजिनिअर यायला दुसरा दिवस उजाडणार होता. गिऱ्हाइकं चहा पिऊन, माकडांना चार शिव्या देऊन पांगली. उरले तिघं: ऑफिसचा मालक बिंदू, टर्मिनलवर सौदे टाकणारी मुक्ता, आणि शरद. शरद रोज निफ्टी किती आकड्यावर बंद होणार यावर बिंदूशी पैज लावायचा आणि हरला की पान खिलवायचा.

तिघंही दूधविनायक मोहल्ल्यातल्या एकाच गल्लीतले. मुक्ता दोघांहून तीन वर्षांनी लहान, म्हणून ते दोघं दादा.

"आकडा हलत नाही तर करमतच नाही यार," शरद म्हणाला. "असा काळा पडदा मी एकदाच बघितला होता. बिंदूच्या घरी. शहाऐंशी साली, गणपतीत."

मुक्ताच्या हातातला चहाचा पेला ओठांपाशीच थांबला.

"स्पेक्ट्रम कंप्युटर!" बिंदू खुर्चीतून उठलाच. "आमच्या विश्वेश्वरकाकांनी दिल्लीहून आणला होता. टीव्हीला जोडायचा, टेपवर कॅसेट लावायची. खेळ चढेपर्यंत पाच मिनिटं टेपची नुसती किंकाळी. आई म्हणायची, घरात कोणाचा गळा दाबताय रे?"

"आणि मग तो टोपीवाला माणूस यायचा. खड्ड्यावरून उडी, विंचवावरून उडी." शरदनं टेबलावर दोन बोटं नाचवली. "माझे एकेचाळीस हजार गुण झाले होते. कॅलेंडरच्या पाठीवर लिहिले होते."

"आपली फायनल कुठे झाली पण?" बिंदू म्हणाला.

"होऊ दिलीस का तू? सगळी गल्ली माडीवर जमलेली, आणि तू आधीच कॅसेटची वाट लावून ठेवलेली. हरणार होतास ना!"

"मी? माझीच कॅसेट मी बिघडवीन? तू घाबरला होतास, शरद!"

बारा वर्षं हे भांडण असंच चाललं होतं. त्या दिवशी तर शरदनं बिंदूची बाही फाडली होती, बिंदूनं शरदच्या दंडाला चावा घेतला होता, आणि नंतर सहा महिने दोघं गल्लीत समोरासमोर आले की भिंतीकडे बघून जायचे. लग्नकार्यात, निवडणुकीत, बजेटच्या दिवशीसुद्धा विषय निघाला की आवाज चढायचे.

मुक्तानं पेला खाली ठेवला. या भांडणात ती कधी पडली नव्हती, कारण कॅसेट तिनंच बिघडवली होती.

अकरा वर्षांची होती ती. महिनाभर रोज माडीवर जायची, आणि दोघं तिला टेपची वायर धरायला बसवायचे. वायर सैल होती, बोटानं दाबून धरली नाही तर खेळ चढायचा नाही. "मला एकदा खेळू दे ना, बिंदूदादा," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "तू लहान आहेस. वायर पकड." फायनलच्या आदल्या दुपारी खाली मंडळी जेवत होती. ती वर गेली, वायर काढली, आणि टेपचं रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं. पुढचं तिला नीट आठवत नव्हतं.

"पेटीत आहे सगळं," बिंदू एकदम म्हणाला. "कंप्युटर, टेप, कॅसेट. उद्या आणतो. कॅसेट नुसती ऐकू. काय झालं होतं ते कळेल तरी."

"जाऊ दे ना बिंदूदादा," मुक्ता घाईनं म्हणाली. "बारा साल की पुरानी चीज. शॉर्ट सर्किट होईल. ऑफिसला आग लागेल."

"ऐकायला कसली आग?"

"फीत तुटेल मग."

"तुटू दे," शरद म्हणाला. "ज्याची चूक, तो रविवारी सगळ्या गल्लीला कचोरी-जिलेबी खिलवेल. लागली पैज?"

"लागली!"

रात्री मुक्ताला स्वप्नात कचोरीची कढई दिसली.

बुधवारी बिंदूनं चादरीत गुंडाळलेलं सामान टेबलावर मांडलं. कॅसेट टेपमध्ये घातली. ती ओळखीची किंकाळी सुरू झाली आणि दोघांचे चेहरे चौदा वर्षांच्या पोरांसारखे झाले. पाच-दहा सेकंदांत किंकाळी तुटली. 'खट्ट' असा आवाज आला. मग भांड्यांचे, खालच्या पंगतीचे आवाज, आणि एक बारीक, चिरका गळा:

"शरददादा गाढव आहे. बिंदूदादा त्याहून मोठं गाढव आहे. वायर मी धरते आणि खेळतात हे. उद्या बघा तुमचा टोपीवाला कसा येतो!" यानंतर ती पोर मनसोक्त हसली होती. शेवटी "आले गं आई!" आणि जिन्यावर धावणारी पावलं.

शरदनं टेप बंद केला. दोघं वळून बघायला लागले. मुक्ताचे कान तापले. टेपच्या पोटात माइक असतो हे तिला तेव्हा माहीत नव्हतं, आणि आपण इतकं बोललो होतो हे आज कळत होतं.

"मुक्ते!" बिंदू ओरडला.

"मी याला चावलो होतो," शरद आपल्याशीच म्हणाला. मग म्हणाला, "नाही, हा मला चावला होता."

आता माफी मागावी असं तिला वाटलं होतं. पण दोघांची तोंडं अशी काही झाली होती की तिला हसू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर आवरेना. तिनं कॅसेट बाहेर काढली, उलटी केली आणि पुन्हा आत सारली.

"एकच बाजू बिघडवली होती मी. विश्वेश्वरकाकांनी दोन्हीकडे तोच खेळ भरून आणला होता. मला वाटलं, जरा वेळ शोधाल आणि कॅसेट उलटाल. तुम्ही सरळ मारामारीच सुरू केलीत."

बिंदूनं वाकून टेपमधल्या कॅसेटकडे बघितलं.

"उलटायची होती फक्त?" बिंदूनं हळूच विचारलं.

"फक्त."

ऑफिसातल्या बातम्यांच्या टीव्हीला कंप्युटर जोडला. वायर अजून सैलच होती. "धरा," मुक्ता म्हणाली, आणि दोन्ही दादांनी मिळून वायर धरली. टोपीवाला आला. मुक्ता पहिल्या खड्ड्यात पडली, दुसऱ्यांदा पहिल्याच खड्ड्यात पडली, तिसऱ्यांदा तिला विंचवानं मारलं. सगळं मिळून एक मिनिटसुद्धा नाही.

"एवढ्यासाठी?" शरद ओरडला.

"मज्जा आली," मुक्ता म्हणाली, आणि ती खरं बोलत होती.

मग फायनल झाली. वर गच्चीत लखनौचा इंजिनिअर "सिग्नल आया?" म्हणून ओरडून ओरडून घसा बसवून घेत होता आणि खाली कोणी वर बघत नव्हतं. बिंदू नऊशे गुणांनी जिंकला. शरदनं उडीचं रबरी बटण तीनदा दाबून बघितलं. ते आत जाऊन अडकत होतं.

"हे अडकतंय. हे आधी अडकत नव्हतं!"

दोघांनी एकदमच मुक्ताकडे बघितलं.

"या वेळी मी नाही," मुक्ता म्हणाली. "देवाशप्पथ."

कोणाचाही विश्वास बसला नाही.