पाठ केलेली तपासणी

पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलायचा, ही सवय आपल्या सगळ्यांनाच असते. या गोष्टीतल्या गृहस्थांनी मात्र अख्खी बायको झाकून ठेवली होती!

छापखान्यात चौतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली. दुसऱ्याची चूक वाचकाच्या नजरेला पडण्याआधी गुपचूप दुरुस्त करायची, हेच त्यांचं काम. इमारतीत सगळे त्यांना ‘कानामात्रा’ म्हणत आणि ते त्यांना आवडायचंही. बायको विसरू लागली तेव्हा त्यांनी घरातही तेच सुरू केलं. तिने भाजीत दोनदा मीठ घातलं, तर पाणी वाढवून मोकळे. परगावच्या मुलीचा फोन आला की शेजारी बसून नातवाचं नाव बायकोच्या कानात सांगायचे. शेजाऱ्यांकडे जाणं त्यांनी बंदच केलं, कारण तिथे चूक सावरायला उसंत मिळत नसे. हळूहळू त्यांच्याकडेही कोणी येईनासं झालं. दोन खोल्यांत दोनच माणसं, आणि त्यांच्यातही बोलणं उरलं ते उजळणीपुरतं.

उजळणी कसली? मागच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी बायकोला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले होते. तिला एकच आठवला. रक्त तपासा आणि तीन महिन्यांनी परत या, असं बाई म्हणाल्या होत्या. कानामात्रांनी रक्त तपासून घेतलं नाही. त्यांनी ते तीन शब्द कागदावर उतरवले आणि रोज सकाळी चहाबरोबर बायकोकडून घोकून घेतले. वर्षाने ती न चुकता म्हणू लागली, तेव्हा कुठे तिला दवाखान्यात नेलं.

“आजी, हे शब्द लक्षात ठेवा हं. नदी, टोपी, कांदा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी वार विचारला, तारीख विचारली. ही उत्तरं कानामात्रांनी वाटेतच पाठ करून घेतली होती. 

“आता मघाचे तीन शब्द सांगा बरं.”

“चावी, लिंबू, खुर्ची!” आजींनी खडाखडा सांगितलं.

कानामात्रांनी डोळे मिटले. बाईंनी मागच्या वर्षीचा कागद काढून पाहिला.

“काका, हे गेल्या वर्षीचे शब्द आहेत.”

“वर्षभर लक्षात राहिले, म्हणजे स्मरणशक्ती चांगलीच म्हणायची की!”

“कोणी घोकून घेतले?”

कानामात्रांनी खिशातून शब्दांचा कागद काढून टेबलावर ठेवला.

“ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर गार पाण्यात बुडवून दाखवलात तुम्ही मला,” बाई म्हणाल्या. “कधी कधी थायरॉईडमुळे विसरायला होतं, कधी व्हिटॅमिन कमी पडतं. ते औषधाने सुधारू शकतं. स्मृतिभ्रंश असला तर तो जात नाही, खरं आहे. पण गोळ्यांचा थोडाफार उपयोग होतो, घर सुरक्षित करता येतं, मुलीला हाताशी घेता येतं. एक वर्ष हातचं घालवलंत!”

“लोक तिला वेडी म्हणतील हो. माझ्या घरात अशी चूक...”

“आजार म्हणजे चूक नव्हे, काका!”

तेवढ्यात आजी हळूच म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. माझं काहीतरी बिघडलंय ते. पण सकाळी तुम्ही एवढे कासावीस व्हायचात ना... म्हणून तुम्ही दुपारी झोपलात की मोरीत बसून शब्द म्हणायचे मी. फार भीती वाटायची. पण सांगणार कोणाला?”

कानामात्रांना हुंदका फुटला. हाय रे! बायकोचं लपवता लपवता त्यांनी तिला रडायलाही जागा ठेवली नव्हती!

तपासण्या झाल्या. स्मृतिभ्रंशच निघाला. त्या संध्याकाळी त्यांनी मुलीला फोन लावला. 

“आईला नातवाचं नाव आठवत नाही. इतके दिवस मीच सांगत होतो.”

मुलगी म्हणाली, “मी रविवारी येते, बाबा. आईला द्या.”

वाचकहो, झाकल्याने आजार कमी होत नाही, फक्त आजारी माणूस एकटं पडतं. आपलं माणूस विसरू लागलं तर वेळेवर डॉक्टरांकडे न्या, आणि तिथे त्याला त्याचं त्याला बोलू द्या, अडखळू द्या. कानामात्रांना हे उशिरा उमगलं. त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि शेजारी नुसते बसून राहिले.

“कोण बोलतंय?” तिने विचारलं.

“मी, आई. तुझी मुलगी.”

“असं होय! मग रोज करत जा गं फोन. इथे बोलायला कोणी नसतं.”