तिसरी रेघ

नीळकंठरावांनी दोनशे दोनावी रेघ ओढली आणि पेन्सिल हातात धरून पाहत राहिले. रस्ता ओलांडणाऱ्या बाईची ओढणी हिरवी होती. पण उजव्या चपलेला निळ्या दोऱ्याचा टाका होता. हाच टाका त्यांनी मघाशी लाल ओढणीखाली पाहिला होता. त्याआधी पिवळीखाली, जांभळीखाली, पांढरीखाली.

जमीन मोजणीच्या कचेरीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीनंतर माणसं मोजायचं काम पहिल्यांदाच आलं होतं. दवाखाना, मेडिकल कॉलेज आणि नगरपालिका कधी नव्हे ते एका टेबलाशी बसले, आणि चहाच्या तिसऱ्या फेरीला ठरलं: दहा ते एकच्या दरम्यान दवाखान्याच्या फाटकातून पलीकडच्या बसथांब्यावर दोनशे माणसं जात असतील, तर थांबा फाटकाशी आणायचा. कमी भरली, तर आहे तिथेच बरा.

बाई परत येताच त्यांनी हाक मारली.

"ओढण्या पाच, चपला एकच. काहून?"

"चपला कोनी उसन्या देत नाही, बाबूजी."

ती घाटंजीकडच्या तांड्यावरची बसंतीबाई. लाजली मात्र नाही.

"सकाळी तुमीच सांगतलं ना, दोनशे पायजे म्हून."

"दोनशे माणसं. एकच बाई पाच वेळा नाही."

त्यांनी खोडरबर काढून पाच रेघा पुसल्या. एकशे सत्त्याण्णव.

"एवढं काय अडलं तुमचं?"

"सून हाये, जया. नववा लागला. मांगच्या खेपेले ट्रक अंगावर आला, तं पोरगी रस्त्याच्या मधातच खाली बसली."

एकला पाच कमी असताना जया कमरेवर हात ठेवून फाटकातून आली. बसंतीबाई उठली आणि गुडघा धरून पुन्हा टेकली. पाच खेपा अंगाशी आल्या होत्या.

"तू हो पुढं. मी येतो मांगून."

नीळकंठरावांनी रस्त्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. वही त्यांनी बसंतीबाईच्या मांडीवर ठेवली.

"हिला सोडून येतो. जितकी माणसं जातील, तितक्याच रेघा."

"मले लिवता येत नाही."

"टाका येतो ना? तसंच."

नकाशात हा रस्ता साठ फुटांचा होता. जयाच्या चालीनं तो बराच जास्त निघाला. मध्ये ती दम घ्यायला थांबली, तेव्हा हात वर करून तेही थांबले. दोन रिक्षावाल्यांनी त्यांना शिव्या घातल्या.

परतले तेव्हा वहीत तीन नव्या रेघा होत्या, टाक्यासारख्या सरळ.

"आमच्यामागून कोणी गेलं?"

"नाही."

"एक मी, एक जया. तिसरी कोणाची?"

बसंतीबाईनं नुसती हनुवटी उचलून पलीकडे दाखवलं. जया थांब्याच्या फळीवर, पोटाभोवती दोन्ही हात घेऊन बसली होती.

नीळकंठरावांनी खोडरबर काढलं. त्यावरचा भुसा फुंकला आणि खिशात टाकलं.

एकूण दोनशे. सही करून, जुन्या सवयीनं त्यांनी खाली शेराही लिहिला: समक्ष मोजले.