तीन कॉम्प्युटरांतली एक चाल

परशुराम बुवा सकाळपासून जागेवर ठरत नव्हते. संध्याकाळी कुणकेश्वरात त्यांची बाबली बुवांशी डबलबारी होती. दोन बुवा समोरासमोर बसणार, भजनातून एकमेकांचे चिमटे काढणार आणि गाव हसून लोळणार. यंदा मात्र चिमट्यांवर भागणार नव्हतं. गेल्या महिन्यात बाबलीने ज्या गजरावर टाळ्या लुटल्या, त्याची चाल बुवांची होती! चोरली होती मेल्याने! पण भर मांडवात एखाद्याला चोर म्हणायचं तर पुरावा नको?

पुरावा घरातच होता, पण तीन ठिकाणी सांडलेला. हॉलमधला जुना कॉम्प्युटर, मुलीचा म्हणजे रियाचा लॅपटॉप, आणि मुलगा गोव्याला गेला तेव्हा मागे टाकून गेलेला तिसरा डबा. पंधरा वर्षं बुवांनी मिळेल ते रेकॉर्डिंग मिळेल तिथे कोंबलं होतं. 'भजन', 'भजन नवीन', 'भजन नवीन खरे'. एका फोल्डरचं तर नावच 'हात लावू नये' होतं, आणि त्यात सर्वांत जास्त हात घातलेला दिसत होता.

"बाबानू, सगळा एका जाग्यार आणलंय," रिया म्हणाली. ती देवगडच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवायची. "आता डबल फायली काढूया."

"त्या यंत्राक माझी चाल कळतली?"

"नाव कायव पण असूंदे, आत तांच रेकॉर्डिंग असला तर जोडी लावता."

आणि जोड्या लागायला लागल्या! एकच अभंग सात वेळा, एकच गवळण अकरा वेळा. नऊ हजार फायली भराभर आटत चालल्या. बुवा खुर्चीच्या कडेला येऊन ओरडत होते, "तां बघ, तां माझा आचऱ्याचा भजन! खंय होता इतकी वर्सा? आणि ह्या वैभववाडीचा!" हरवलेली गुरं संध्याकाळी एकेक करून गोठ्यात यावीत तसं त्यांना वाटत होतं. चहाचा कप तिसऱ्यांदा गार झाला.

"गावली!" रिया किंचाळली. "'माझी नवी चाल'. हॉलच्या कॉम्प्युटरात होती."

बुवांनी मांडीवर थाप मारली. "मी सांगलंय मां! आता बाबल्याचो चेहरो बघ!"

पण रिया हसत नव्हती. शेजारी जोडीची फाइल होती, भावाच्या डब्यातली. नाव होतं, 'बाबली बुवा, आचरा, २०११'.

"यंत्र चुकला," बुवा म्हणाले. "लाव बघू."

तिने लावली. पेटी वाजली, पखवाज आला, आणि बाबलीचा कोवळा, वीस वर्षांच्या पोराचा आवाज चढत गेला. तीच चाल. जशीच्या तशी. गजर संपता संपता गर्दीतून एक माणूस बेभान होऊन ओरडला, "परत एकदा, बुवानू! परत एकदा!"

तो आवाज बुवांचा स्वतःचा होता.

शिकण्यासाठी त्यांनीच त्या रेकॉर्डिंगची प्रत हॉलच्या कॉम्प्युटरात उतरवून घेतली होती. नाव बदललं होतं आणि मग मूळ विसरून गेले होते. बुवांचे कान लाजेने तापले.

स्क्रीनवर प्रश्न वाट बघत होता. दोनांतली एकच ठेवायची. "कुठची काढू?" रियाने हळूच विचारलं.

बुवांनी बोट दाखवलं. "माझी."

संध्याकाळी मांडव तुडुंब भरला. आपली पाळी आली तशी बुवांनी पेटी ओढली. "ह्यो गजर पंधरा वर्सा मी माझो म्हणान गायलंय," ते म्हणाले. "चाल बाबली बुवांची. चोर मी!"

बाबली बुवा टाळ हातात धरून बघतच राहिले. बुवांनी डोळे मिटले आणि गायला लागले, असे की गळा फाटला तरी चालेल. शेवटची ओळ संपली आणि समोरच्या बाजूने कुणीतरी उठून बेभान ओरडलं.

"परत एकदा, बुवानू! परत एकदा!"

बाबली उभे होते.