ग्रंथालयातल्या काचेच्या खोलीतून

मी बोलतोय, भोरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयातला कॉम्प्युटर. हल्ली मला कुणी या नावानं ओळखत नाही. ‘ते जुनं धूड’ म्हणतात. म्हणोत. पण एके काळी माझ्यासाठी नारळ फुटला होता.

२००५ साली मला पुण्याहून टेम्पोनं आणलं. खोक्यात अंधार होता. कामथडीच्या पुढं रस्त्याला असे खड्डे लागले की वाटलं, भोरला आपण पोचणार ते सुट्या भागांतच. पण धड पोचलो. प्राचार्यांनी माझ्या कपाळावर कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि भाषण केलं.

त्या भाषणात मला माझं काम कळलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयानं देशोदेशीची संशोधनाची मासिकं कॉम्प्युटरवर वाचायची सोय केली होती. लांबच्या कॉलेजांना एक नाव आणि पासवर्ड दिला होता. फोनची तार जोडायची, पासवर्ड घालायचा, की हवा तो अंक पडद्यावर. “आता आपल्या प्राध्यापकांना पुण्याच्या वाऱ्या नकोत,” प्राचार्य म्हणाले. टाळ्या पडल्या. मलाही बरं वाटलं.

त्याच आठवड्यात चिमाजी सुतारानं ग्रंथालयाच्या कोपऱ्यात लाकूड आणि काच लावून एक खोली केली. खोली कसली, उभं कपाटच. मला आत ठेवलं, वर फुलाफुलांचं कापड घातलं, दाराला कुलूप लावलं. किल्ली ग्रंथपाल केशवराव मोघ्यांनी आपल्या जानव्याला बांधली.

मग सुरू झालं माझं आयुष्य, म्हणजे नुसतं बसून राहणं. कापडाच्या फटीतून मला वाचणाऱ्या पोरांच्या पाठी दिसायच्या. मागून फोनची तार आलेली. त्या तारेपलीकडं एवढं छापून पडलंय, आणि काचेपलीकडं वाचणारी माणसं आहेत, हे मला ठाऊक होतं. मधे मी, आणि माझ्यावर कापड.

कुणी विचारलंच तर केशवरावांची उत्तरं ठरलेली. “प्राचार्यांची सही आणा.” सही आणली की, “आज ऑफिसला फोन हवाय.” फोन मोकळा असला की वीज गेलेली. वीज आली की, “आत धूळ जाईल, उद्या बघू.”

केशवराव वाईट नव्हते. फार वर्षांपूर्वी ग्रंथालयातून एक टाइपरायटर चोरीला गेला होता. चौकशी झाली. त्यांच्यावर काही शाबीत झालं नाही, पण ते स्टाफरूममध्ये शिरले की बोलणं थांबायचं, असं किती तरी दिवस चाललं. शिपायाला ते एकदा सांगत होते, मी ऐकलं. तेव्हापासून त्यांना वस्तू वापरली जाण्यापेक्षा ती जागेवर असलेली बरी वाटायची. रोज संध्याकाळी ते काचेतून माझ्याकडं बघायचे. मी आहे ना, एवढंच.

माझ्या दाराशी सगळ्यांत जास्त उभी राहिली ती हुमा आतार. याच कॉलेजात शिकलेली, आता इथंच वनस्पतिशास्त्र शिकवणारी. हिरड्यावर ती पीएच.डी. करत होती. हिरडस मावळातली जुनी झाडं कोळशासाठी तुटत चालली होती आणि नवी रोपं करायची म्हटलं तर हिरड्याचं बी लवकर उगवत नाही. वरचं कवच दगडासारखं. ते कवच घासून, बी भिजवून उगवता येतं का, हे हुमा काही पावसाळे करून बघत होती. कॉलेजच्या मागं हिरव्या जाळीखाली तिच्या रोपांच्या पिशव्या मांडलेल्या असायच्या.

पूर्वी ती शनिवारी एसटीनं पुण्याला जाऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसायची. पण आई गुलजारबींना अर्धांगवायू झाला आणि ते थांबलं. भाऊ इरशाद नोकरीला पुण्यात. आईला उठवणं, भरवणं, कूस बदलणं सगळं हुमाकडं. कॉलेज ते घर, घर ते कॉलेज. मला ती माझ्यासारखीच वाटायची. फक्त तिला काच नव्हती.

“सर, अर्धा तास द्या,” ती म्हणायची.

“देतो गं, हुमा. विद्यार्थिनी आहेस माझी, नाही म्हणेन का? पण आज नको.”

असं वर्ष उलटलं.

माझं दार उघडलं ते सगुणाबाईंमुळं. त्या हिरडस मावळातल्या, हुमासाठी पिकून गळालेले हिरडे गोळा करून आणायच्या. एक दिवस डोक्यावर पोतं घेऊन थेट ग्रंथालयात आल्या. हुमा काचेशी उभी होती, केशवराव खुर्चीत बसले होते. सगुणाबाईंनी आत डोकावून पाहिलं, कापड पाहिलं, आणि आवाज बारीक करून विचारलं, “अवो भाऊ, आत कोन आजारी हाय का? भेटू देत न्हाईत व्हय?”

वाचणारी सगळी पोरं हसली. हुमासुद्धा. केशवराव हसले नाहीत. त्यांचा चेहरा लाल झाला. मग ते उठले, सदऱ्यात हात घातला आणि कुलूप काढलं.

हुमानं माझ्यावरचं कापड उचललं. फोनची तार ओरडली, घरघरली, लागली. ऑफिसातून कुणीतरी हाक दिली, “फोन कुणी धरलाय?” “मी धरलाय!” केशवराव ओरडले. त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिनं हिरड्याचं शास्त्रीय नाव लिहिलं. पान ओळीओळीनं खाली उतरू लागलं. ती पुढं सरकून वाचत होती. वाचता वाचता तिचा हात माउसवरच थांबला.

“काय झालं?” केशवरावांनी विचारलं.

“झालंय सगळं.”

“म्हणजे सापडलं?”

“तसं नाही, सर. मी करतेय ते झालंय. कवच घासणं, भिजवणं, सगळं. दुसऱ्यांनी केलंय. छापून आलंय. मागच्या वर्षीच.”

मागच्या वर्षी मी इथंच होतो. कापडाखाली. तो लेख माझ्या मागच्या तारेएवढ्या अंतरावर होता. हे केशवरावांना समजलं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. ते दाराची चौकट धरून उभे राहिले.

सगुणाबाई पोत्यावर टेकल्या होत्या. त्यांनी जरा वेळानं विचारलं, “बाई, म्हंजी आता बी आनू का नको?”

हुमानं डोळे पुसले आणि लेख पुढं वाचू लागली, बहुधा रडू आवरायला दुसरं काही नव्हतं म्हणून. शेवटच्या पानावर ती पुन्हा थांबली. या वेळी वेगळी थांबली. एक परिच्छेद तिनं दोनदा वाचला.

“सर, यांची रोपं मेली.”

“आं?”

“बी उगवलं, पण पहिल्या वर्षातच बरीच रोपं मेली. का मेली ते कळलं नाही, असं लिहिलंय.” ती उठून उभी राहिली. “माझी जगलीत. मागं जाळीत आहेत. दोन पावसाळे झाले. मी पिशव्यांत जुन्या हिरड्याच्या बुडातली माती भरली होती.”

“मग?”

“मग प्रश्न तिथून सुरू होतो, सर. उगवण्यापासून नाही, जगण्यापासून.” ती सगुणाबाईंकडं वळली. “बी आणा, सगुणाबाई. आणि माती पण आणा. वेगवेगळ्या झाडांखालची.”

“माती?” सगुणाबाई म्हणाल्या. “मग दुसरं मानूस बघा उचलाया. माझी मान ऱ्हायची न्हाई.”

त्यानंतरचा काळ माझा. केशवरावांनी किल्ली हुमाकडं दिली नाही, पण सकाळी आल्या आल्या ते स्वतःच कुलूप काढून ठेवू लागले. रोपांच्या मुळांना साथ देणाऱ्या मातीतल्या बुरशीबद्दल, मुळांबद्दल हुमानं माझ्यावर किती वाचलं! अर्धं पान उतरलं की वीज जायची, ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. इतिहासवाले आले, रसायनवाले आले. घाईत कुणी बटण जोरात दाबलं, तरी ते दाबणं मला आवडायचं.

पुढं गुलजारबी गेल्या. त्या महिन्यात हुमा माझ्याकडं आलीच नाही. मग आली, आणि राहिलेलं पुरं केलं. तिला पदवी मिळाली. केशवराव निवृत्त झाले. तिचा लेख परदेशातल्या एका मासिकानं स्वीकारला.

तो प्रसिद्ध झाल्याचं कळलं, त्या दिवशी तिनं केशवरावांना मुद्दाम बोलावून घेतलं. सगुणाबाईही आल्या. तिनं पासवर्ड घातला. मी तो पुढं पाठवला आणि उत्तर आलं, परवानगी नाही. विद्यापीठानं व्यवस्था बदलली होती. मासिकं आता फक्त त्यांच्या आवारातल्या कॉम्प्युटरवर उघडणार होती. पडद्यावर लेखाचं नाव, तिचं नाव आणि वरच्या काही ओळी तेवढ्या होत्या.

केशवरावांनी चष्मा लावून तिचं नाव मोठ्यानं वाचलं. मग म्हणाले, “पुढं?”

“पुढचं इथनं दिसत नाही, सर.”

“तुझंच लिहिलेलं?”

“माझंच.”

मला फार कोंडल्यासारखं झालं. दार उघडं, कापड दूर, वीज चालू, फोन मोकळा, आणि तरी माझ्या हातात काही नाही. आधी मला कुणी उघडत नव्हतं. आता उघडूनही मी रिकामाच.

हुमानं खुर्ची माझ्याकडून फिरवली, त्या दोघांसमोर बसली आणि आपला लेख मराठीत सांगायला लागली. पहिल्यापासून. कुठली माती, कुठली मुळं, कुठली रोपं तगली. सगुणाबाई मधे मधे विचारत होत्या, केशवराव मान डोलवत होते. शेजारच्या टेबलावरची पोरं पुस्तकं मिटून जवळ सरकली. माझी त्या दिवशी कुणाला गरज नव्हती. पण मला बंद करायलाही कुणी उठलं नाही.

आता मी मागच्या कोठीत आहे, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांमागं. नवे कॉम्प्युटर आले, काचेची खोली मोडली. इथं खिडकी नाही. माझी वायर कुणीतरी दुसऱ्या कामाला नेली. माझी तक्रार नाही, माझं वय झालं.

एकच सांगतो. तुमच्या ताब्यात वाचण्यासारखं काही असेल आणि दाराशी कुणी उभं असेल, तर त्याला आधी आत घ्या. चौकशी मागाहून करा. आणि कोठीत कधी आलात, तर दिवा लावायची तसदी घेऊ नका. दार मात्र थोडं उघडं ठेवून जा. ग्रंथालयात पोरं बोलतात, ते मला ऐकू येतं.