बावन्न पानं आणि खोबरेल तेल

थाप मारायची तर तपशील आधी ठरवून ठेवावा, नाहीतर माणूस अडकतो. मी चाळीस वर्षं थापा मारतोय आणि अडकलो तो एकदाच. तोही पत्त्यांच्या कॅटवरून.

माझा दोस्त महिपत एसटीत कंडक्टर होता. रत्नागिरी-दापोली गाडीवर त्याची नोकरी सरली. आता भाट्याला माझ्या शेजारी राहतो. गेल्या चैत्रात त्याला झटका आला. जीभ वाचली, पाय महिन्याभरात चालता झाला, उजवा हात मात्र मागे राहिला. दवाखान्यातली व्यायाम शिकवणारी बाई म्हणाली, "हात जिवंत आहे, काका. पण त्याला कामाला लावा. बसून राहिला तर बसूनच राहील." तिने पिळायला रबरी चेंडू दिला. महिपतने तो दोन दिवस पिळला आणि तिसऱ्या दिवशी शेजारच्या कुत्र्याला टाकला. मग दिवसभर पडवीत बसायचा, उजवा हात मांडीवर ठेवून. कुणा पाहुण्याची छत्री सांभाळायला दिली असावी तसा.

आणि हात कुणाचा, तर महिपतचा. घाटात दरड आली आणि गाडी अडकली की हा खाकी खिशातून पत्ते काढायचा. अंगठ्याच्या एका झटक्यात पंखा उघडून म्हणायचा, "घ्या एक पान, तिकीट लागणार नाय." तुम्ही घेतलेलं पान तो न बघता सांगायचा. त्याला जादू येत होती ती ही एकच, पण तिच्यावर त्याने तीस वर्षं अडकलेल्या गाड्या शांत ठेवल्या.

मी त्याला जरा हलवावं म्हणून गोष्ट सांगायला बसलो. मी बोटीवर स्वयंपाकी होतो, हे खरं आहे. पुढचं ऐका.

"मार्सेय बंदरात पेद्रू नावाचा जादूगार होता," मी म्हणालो. "तुझ्यासारखाच उजवा हात गेलेला. रोज पत्ते हातात धरून बसायचा. सहा महिन्यांत असा पंखा उघडायला लागला, की त्या वाऱ्याने आमच्या कप्तानाची टोपी समुद्रात गेली."

मला वाटलं होतं, तो नेहमीसारखं "गप मेल्या" म्हणेल. त्याने मान वळवली.

"कुठले पत्ते?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुठले. टोपी कुठे पडली ते ठाऊक हाय, आणि कॅट कुठला ते नाय?"

तीस वर्षं तिकिटं तपासलेला माणूस तो. मी घाईत म्हणालो, "निळ्या पाठीचे. पाठीवर हंस."

"आण मग."

चैत्रापासून त्याने कुणाला काही आणायला सांगितलं नव्हतं. आत चुलीपाशी त्याची बायको, काशीवहिनी, भांडं घासता घासता थांबली, ते मला ऐकू आलं. आता मी आणलेल्या पत्त्यांनी हात चालला नाही, तर महिपत तो हात कायमचा मांडीवर ठेवणार, हे आम्हा दोघांनाही कळलं.

बाजारात निलेशचं कटलरीचं दुकान आहे. त्याने न विचारता गणपतीत खपतो तो स्वस्तातला कॅट काढून दिला. गल्ल्यावर त्याची मुलगी सानवी बसली होती, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. समोर मोबाइल उभा केलेला आणि पत्ते या हातातून त्या हातात बगळ्यांच्या रांगेसारखे जात होते. मी बघतच राहिलो. मी पाहिलेल्या गोष्टींत ही एक खरी.

"आजोबा, ते नका घेऊ," ती म्हणाली. "रमीला ठीक आहेत. आपल्याकडच्या हवेत फुगतात, मग एक ओढलं की तीन येतात."

"मग कुठले घेऊ? मित्राला हवेत."

तिने बिस्किटांचा मोठा डबा काढला. त्यात नऊ कॅट होते, आणि औषधाच्या बाटलीत ओल शोषायला असतात त्या बारीक पुड्या. एकेक कॅट माझ्या हातात देत ती सांगू लागली.

"हे प्लॅस्टिकचे. भिजले तरी चालतात, पण मांदेलीसारखे सुळकन निसटतात. हे जाडे, ह्यांच्यावर मी हातातल्या कसरती करते. बोटांत जोर हवा. हे सोनेरी मोरवाले दिसायला झकास, पण जादूला घेऊ नयेत. लोक तुमच्याकडे बघायचं सोडून पत्त्यांवर संशय घेतात. जादूला साधेच बरे, कुणाच्याही घरात असतात तसले."

"आणि हा?"

"हा माझा जुना. पाठीवरून बोट फिरवा. बारीक खड्डे लागतात ना? त्यात हवा राहते, म्हणून पान पानावरून आपोआप सरकतं. कागद पातळ आहे, हाताळून मऊ झालाय." मग तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या मित्राला करायचंय काय? जादू, की हे असं फिरवणं?"

"त्याला चहाचा कप धरायचाय," मी म्हणालो.

थाप मारायची सवड न मिळाल्याने ते खरं बाहेर पडलं. सानवीने सोनेरी मोर डब्यात परत ठेवला आणि जुना कॅट माझ्या हातात दिला. पैसे घेतले नाहीत.

कॅट निळा होता. पाठीवर हंस नव्हता, वेलबुट्टी होती.

"हंस कुठाय?" महिपत म्हणाला.

"हंसवाले खेळाच्या दिवशी. हे पेद्रूचे सरावाचे."

त्याने वेलबुट्टीवरून डावा अंगठा फिरवला. मग त्याने डाव्या हाताने कॅट उचलून उजव्यात ठेवला. पहिल्या दिवशी पानं अंगणापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी त्याने पाच पानं उजव्या हातात धरली, अंगठा थरथरला, आणि पानं जराशी पसरली. काशीवहिनी आतून तेलाची वाटी घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

तिसऱ्या दिवशी पत्ते चिकटले. चौथ्या दिवशी त्यांची वडी झाली.

"ही ओल," मी म्हणालो. "भाद्रपद हाय. माझ्या घरात मीठसुद्धा चमच्याला सोडत नाय."

सानवीने दुसरा तसलाच कॅट दिला, सोबत त्या पुड्या. दोन दिवस बरा चालला. तिसऱ्या दिवशी महिपतचा अंगठा एका पानावर जोर लावत होता आणि सात पानं एकदम फरशीवर पडली. त्याने ती उचलली नाहीत.

"हात मेलाय, सख्या," तो म्हणाला. "तुझा पेद्रू पण मेला असंल एव्हाना."

त्यानंतर चार दिवस त्याने पत्त्यांना हात लावला नाही. मी सानवीला फोन केला आणि म्हटलं, तुझ्या पत्त्यांत खोट आहे. तिला ते लागलं. संध्याकाळी ती स्कूटरवरून स्वतः आली.

तेव्हा काशीवहिनी नेहमीप्रमाणे महिपतचा हात मांडीवर घेऊन तेल लावत होती. घरच्या नारळांचं, घाण्यावर काढलेलं तेल, त्यात लसूण आणि ओवा कडवलेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि निजताना. पाच महिने एक वेळ चुकली नव्हती. खांद्यापासून सुरुवात, मग कोपर, मग एकेक बोट. "हाताला ऊब आली ती ह्यानेच," ती म्हणायची. खरं खोटं कोण जाणे, पण हाताला ऊब होती.

सानवीने पडवीच्या कोपऱ्यात पडलेला कॅट उचलला, दोन पानं सोडवून पाहिली, मग नाकाला लावली.

"आजी, ह्याला लसणाचा वास येतोय."

मी त्या मुलीला डोळ्यांनी खुणावलं. तिने पाहिलं नाही.

"आजोबा, ही ओल नाहीच. तेल आहे हे. कागदाने पिऊन घेतलंय. ह्याच्यावर कुणीच पंखा उघडू शकणार नाही. माझाही उघडायचा नाही."

म्हणजे हात मेलेला नव्हता. ही आनंदाचीच बातमी, पण काशीवहिनीचा हात महिपतच्या मनगटावर थांबला होता.

"म्हणजे माझ्यामुळे अडला," ती म्हणाली.

"तसं नाही, आजी."

"तसंच हाय. पाच महिने मी चोळतंय आणि मीच अडवून ठेवलाय." तिने वाटी उचलली. "उद्यापासून नाय लावत."

महिपत समोरच्या सुरूच्या झाडांकडे बघत राहिला. वहिनी उठली, दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे वळली.

"भावोजी, तुमच्या त्या मार्सेयवाल्याला बायको नव्हती?"

"होती की."

"मग ती नाय लावायची तेल?"

मी कस्टमवाल्यांना थापा मारल्यात, कप्तानाला मारल्यात, एकदा खुद्द माझ्या सासऱ्याला मारलीय. पण ही जेवढी सावकाश मारली तेवढी कुठलीच नाही.

"लावायची तर," मी म्हणालो. "दिवसातून पाचदा. त्यांच्याकडे नारळ नाय, बिचारी दुसरं कसलंतरी लावायची. पण लावायची."

"आणि मग पत्ते?"

"पत्ते ती धुवायची."

"धुवायची?"

"भांड्यांबरोबर. त्या गल्लीत कुणाला नवल वाटायचं नाय."

सानवी माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही पोरगी पुस्तकी काहीतरी बोलणार. ती उठली, स्कूटरच्या डिकीतून एक कॅट घेऊन आली.

"हे प्लॅस्टिकचे, आजी. साबणाने धुतले तरी चालतात. जादूला फारसे बरे नाहीत, कसरतीला तर नाहीतच. पण तेलाला पुरून उरतील."

"हे निसटतील," महिपत म्हणाला.

"निसटू देत. माझे रोज पडतात. उचलणं हा निम्मा सराव."

काशीवहिनीने कॅट हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि वाटी खाली ठेवून परत त्याच्याशेजारी बसली. "तो दुसरा हात द्या इकडे, तो पण सुकलाय," ती नवऱ्याला म्हणाली. म्हणजे राग गेला होता.

मग त्या घरात रोज संध्याकाळी पत्ते धुण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पडवीत घमेलं, त्यात साबणाचं पाणी, पाण्यात बावन्न पानं. वहिनी धुवायची आणि महिपतच्या मांडीवर जुना पंचा टाकायची. "मला दोनच हात," म्हणायची, "पुसायचं तुम्ही बघा." ओलं प्लॅस्टिक एकावर एक ठेवलं तर चिकटतं, म्हणून एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसावं लागे. आधी तो पान उजव्या हाताखाली दाबून डाव्याने पुसायचा. आठवड्याने पान उजव्या अंगठ्यात आणि बोटात उभं राहायला लागलं. पुसताना तो तोंडातल्या तोंडात आकडा मोजायचा, तिकिटं मोजल्यासारखा. दवाखान्यातल्या बाईने किती वेळा पिळायला सांगितलं होतं ते मला आठवत नाही, पण हे बावन्न दुणे एकशेचार व्हायचे, आणि कुत्र्याला देता यायचे नाहीत.

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आणि माझ्या डोळ्यांनी काय काय पाहिलंय ते तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून सानवीलाही विचारून घ्या.

नवरात्राच्या आधी एका संध्याकाळी मी गेलो, तर वहिनी घमेल्यापाशी आणि महिपत कॅट हातात घेऊन बसलेला. मला त्याने बस म्हटलं नाही. कॅट डाव्या हातात धरला, उजवा अंगठा वर ठेवला आणि सरकवला. पंखा झाला. मध्ये दोन ठिकाणी फटी, चार पानं खाली पडलेली, पण पंखा झाला.

"काशे," तो म्हणाला, "एक पान घे. तिकीट लागणार नाय."

तिने पदराला हात पुसला आणि पान ओढलं. मी तिच्या मागे होतो, मला दिसलं. चौकटची सत्ती.

ह्या जादूत पानांचा क्रम आधी लावलेला असतो, आणि चार पानं पडल्यावर क्रम कुठला राहायला. महिपतने डोळे मिटले, पूर्वी मिटायचा तसे.

"बदामची राणी."

वहिनीने पानाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"हो की," ती म्हणाली. "अगदी तीच." आणि पान घमेल्यात टाकलं.

"बघू."

"टाकली धुवायला."

"एवढी काय घाई?"

"तेलकट होती."

महिपत पुढे वाकला. डाव्या हातात पंखा होता, तो मोडायचा नव्हता. त्याने उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत घमेल्यात घातला. प्लॅस्टिकचं पान पाण्याखाली तळाला चिकटून बसतं, ते नखाने उचकटावं लागतं. त्याने दोनदा उचकटलं. वहिनी पानाकडे बघतच नव्हती, त्या हाताकडे बघत होती. तिसऱ्यांदा पान सुटलं आणि दोन बोटांत धरून वर आलं.

"ही चौकटची सत्ती," महिपत म्हणाला.

"व्हय?"

"तू राणी म्हणालीस."

"मगाशी राणीच होती. साबण जास्त झाला असंल, रंग गेला."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पान अजून त्याच हातात होतं, कोपरावरून पाणी गळत होतं.

"हे हिला तू शिकवलंस, सख्या."

"देवाशपथ नाय," मी म्हणालो. ते खरं होतं आणि दोघांपैकी कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही.

"राहू दे ते," काशीवहिनी म्हणाली आणि तिने पंचा पुढे केला. "पुसा आधी."