बंद फोल्डरमधले ठिपके

माझ्यात एकतीस हजार चारशे बारा ओळी आहेत. त्यांतल्या दोनशे सहा काहीच काम करत नाहीत. माझ्या निर्मात्याने वैतागून स्वतःलाच मारलेले टोमणे आहेत ते. मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. छापील पान दिले की त्याचे ब्रेल लिपीतले ठिपके करून देत असे, चार सेकंदांत.

निर्मात्याची मावशी अंध मुलांच्या शाळेत शिकवते. तिच्यासाठी त्याने नोकरी सांभाळून दोन वर्षे मला घडवले. पुढे सहा वर्षे शाळेची सगळी पुस्तके मी केली. कौतुकही झाले. मग त्याची नोकरी बदलली आणि मी त्याच्या लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये पडून राहिलो. शाळेतली माझी प्रत चालत होती, म्हणून कुणाला काही जाणवले नाही.

यंदा शाळेचा जुना संगणक कायमचा बंद पडला. नव्यावर मी उघडतच नाही. मावशी तडक घरी आली.

"तुला वेळ नाही ना? मग त्या प्रोग्रॅमचा कोड सगळ्यांसाठी खुला कर. दुसरं कुणीतरी दुरुस्त करेल. कशाला उराशी धरून बसलायस?"

"मावशी, घर दाखवायचं तर आधी आवरावं लागतं."

"मग आवर की!"

"त्यात एक भाग मित्राकडून घेतलाय, तो त्याच्या कंपनीचा. ती परवानगी देईना. शिवाय प्रोग्रॅम तपासून बघायला तू मुलांची यादी दिली होतीस, ती कोडमध्ये सतरा ठिकाणी चिकटलीये. नावं, पत्ते, कुणाला किती दिसतं, सगळं."

मावशी खुर्चीत बसली. "खोटी नावं लिहायचा कंटाळा केला मी."

"मीही कुठे मागितली?"

रविवारी तो आवरायला बसला. आधी टोमणे पुसले, कारण ते सोपे होते. यादीच्या चौथ्या ठिकाणी एक धागा ओढला आणि मी पुरता उसवलो. त्याने सगळे पूर्ववत केले, लॅपटॉप मिटला. मला राग आला नाही. आम्ही दोघेही दमलो होतो.

मित्रांनो, काही घडवाल तेव्हा पहिल्या दिवसापासून ते परक्या हाती देण्याजोगे ठेवा. उसने घेतलेले कुठून आणले ते लिहा. 'नंतर आवरू' म्हणणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये माझ्यासारखे पुष्कळ पडून आहेत.

शाळा सुरू झाली. विज्ञानाच्या नव्या पुस्तकाचे पहिले पान मावशीने ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन हाताने केले. एक तास अकरा मिनिटे लागली.