उजवी बाही

लोकरवाल्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि दारातच घुटमळत उभे राहिले. तेव्हाच मी ओळखलं, यांच्या पोटात काहीतरी आहे.

"बोला की. ओठ शिवलेत का?"

"तुमच्या ताईंचं काम आहे. शनिवारी सकाळपर्यंत हवंय." मग उगाचच चष्मा पुसत म्हणाले, "शनिवारी त्या चालल्या. मुलाची बदली झाली. सगळं बिऱ्हाडच हलतंय. हे शेवटचं."

"जाऊ देत. मी काय वाट अडवून बसलेय?"

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. भला माणूस. सात वर्षं तो आम्हा दोघी बहिणींमध्ये पिशव्या वाहतोय आणि एकदाही त्याने तोंड घातलं नाही. मीच विचारलं, "मापाची चिठ्ठी कुठाय?"

"दिली नाही. म्हणाल्या, तिला लागणार नाही."

घ्या! म्हणजे आता मी अंतर्ज्ञानी पण व्हायचं.

आमचं काम असं, की ताई विणते आणि मी धुते. ऐकायला सोपं वाटतं. पण सुयांवरून उतरलेलं विणकाम म्हणजे नुसता गोळा असतो, कडा वळलेल्या, टाके वेडेवाकडे. ते कोमट पाण्यात भिजवायचं, न पिळता टॉवेलात गुंडाळून दाबायचं, मग सपाट पसरून मापात बेतायचं आणि न गंजणाऱ्या पिना टोचून दोन दिवस तसंच ठेवायचं. ओली लोकर सांगाल तसं ऐकते आणि वाळली की ऐकलेलं विसरत नाही. पाठ, पोट, बाह्या, सगळे तुकडे असे वेगवेगळे तयार होतात. मग ते परत ताईकडे जातात आणि ती शिवते. शिवण मला जमत नाही. सुई हातात घेतली की माझा संताप होतो.

हे सगळं मी ताईच्या पलंगावर पसरते. ती घर सोडून गेल्यापासून तो पलंग मोकळाच होता, त्यावर जाड फोम घातला आणि कामाला लावला. लोकांचे स्वेटर तिथे हात पसरून पडलेले असतात आणि शेजारच्या पलंगावर मी. रात्री कधी जाग आली तर क्षणभर वाटतं, कोणीतरी आहे. मग पिना चमकतात.

आमचं भांडण एका शालीवरून झालं. भाच्याचं लग्न ठरलं होतं आणि ताईने होणाऱ्या सुनेसाठी पाच महिने खपून बोटाच्या अंगठीतून निघेल अशी शाल विणली होती. लग्नानंतर ताई मुला-सुनेच्या नव्या घरी राहायला जाणार होती. नवरा गेल्यावर पोराला कडेवर घेऊन ती माझ्या घरी आली होती, तेव्हापासून आम्ही एकत्र. ती शाल मी धुतली आणि पाणी गरम निघालं. चांगलं कडकडीत. शालीचं आटून जाड, राठ फडकं झालं. वीस वर्षांत माझ्या हातून असं एकदाही झालं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि ताईलाही. "मुद्दाम केलंस," ती म्हणाली. "मला अडवायला केलंस." मी म्हटलं, तुझं तोंड बघणार नाही. आणि नाहीच बघितलं. ती तीन गल्ल्या पलीकडे राहते, मी भाजी दुसऱ्या बाजूने आणते.

तर बुधवारी दुपारी पिशवी उघडली. विटकरी लोकर, मऊसूत. ताईचा हात अजून तसाच, एक टाका घट्ट नाही की सैल नाही. कोणा नशीबवानाचा आहे कोण जाणे, असं पुटपुटत मी स्टुलावर बसले, उजव्या हाताची बाही वर दुमडली, ती नेहमी ओघळून पाण्यात जाते, आणि तुकडे टबात सोडले. पाण्यात कोपर घालून पाहिलं. हल्ली तीनदा पाहते.

टॉवेलातून काढून पसरल्यावर छाती मोजली, अडतीस. ताईच्या सूनबाई अंगाने भरल्या वाटतं, मी मनात म्हटलं आणि जरा बरं वाटलं. आहे माझा स्वभाव असा, काय करू?

मग बाह्या. डावी साडेअठरा इंच. उजवी साडेसतरा.

पुन्हा टेप लावला. मग ओळी मोजल्या. उजवीत आठ ओळी कमी. मला आधी हसू आलं. एवढी मोठी विणकरीण, बाह्या सारख्या येईनात! आणि मग ओळी पुन्हा मोजल्या. ताई ओळी कधी चुकत नाही. बोलता बोलता, भात उतरवता उतरवता मोजते. डोळे गेले असतील तिचे? की आठवण? तीन गल्ल्यांवर राहून मला पत्ता नाही.

ते काही नाही, म्हटलं. जाताना तिची चूक चव्हाट्यावर यायला नको. ओली बाही दोन्ही हातांनी हलकेच ओढत नेली, एक इंच, आणि पिना मारल्या. साडेअठरा. दोन्ही बाह्या शेजारी शेजारी अगदी सारख्या. मी माझ्यावर खूश झाले. तिला कळणारही नाही, आणि मीही कधी सांगणार नाही. सात वर्षांत निव्वळ तिच्यासाठी केलेलं हे पहिलं काम.

शुक्रवारी सकाळी सगळं वाळलं होतं. पिना काढल्या. वाळलेली बाही मी स्वतःच्या हातावर टाकून बघते, कशी पडते ते कळतं. डावी टाकली. बरोबर मनगटापर्यंत आली. उजवी टाकली, ती मनगट ओलांडून तळहातावर. माझ्या हाताने सवयीने तिचा काठ उलटा दुमडला. एक इंच.

आणि मी तशीच उभी राहिले.

माझा उजवा हात डाव्यापेक्षा एक इंच आखूड आहे. आठव्या वर्षी मोडला. ताईने मला भिंतीवर चढवलं होतं, पलीकडचं बघून सांग म्हणून. हाड वाकडं सांधलं. पुढे शाळेच्या प्रत्येक कपड्याची उजवी बाही ताई स्वतः आत मुडपून द्यायची, कोणाला सांगायची नाही. ती गेल्यापासून मी बाजारातले स्वेटर घालते आणि दुमडते. छाती अडतीस माझीच. माप मला लागणार नव्हतं, कारण ते मी अंगावर घेऊन फिरत होते. आणि मी काय केलं? तिने आठ ओळींनी आठवून ठेवलेलं मी ओढून पुसून टाकलं. काठाजवळच्या, बाही रुंद करायला घातलेल्या वाढीच्या टाक्यांकडे धड पाहिलं असतं तरी कळलं असतं, किती हिशेबाने त्या ओळी सोडल्या होत्या. मी पलंगाच्या कडेवर बसून रडले. हुंदके देऊन रडले, ऐकायला कोण होतं?

मग उठून बाही पुन्हा भिजवली. तळहाताने थोपटत थोपटत माघारी आणली. साडेसतरा. लगेच तिच्याकडे जावं असं वाटलं, पण तोंड कुठलं घेऊन जाणार? बाही वाळेपर्यंत थांबू, असं स्वतःला सांगितलं. दिवसभर पंखा तिच्यावर सोडून स्वतः शाल पांघरून बसले.

शनिवारी आठ वाजता गेले तेव्हा काठाशी अजून दमट होती. दारात टेम्पो उभा. ताई आत एका खोक्यावर बसलेली, भोवती खोलीत काही नाही. केस सगळे पांढरे झालेत तिचे.

"आलीस, आखूडबाई?" ती म्हणाली.

त्या नावाने मला दुसरं कोणी हाक मारत नाही.

मी पिशवी पुढे केली. तिने आधी उजवीच बाही काढली आणि चिमटीत दाबली. "ही ओली का?"

"ओढली होती मी. डावीएवढी केली. वाटलं, तू चुकलीस."

"मी?" तिने अशा नजरेने बघितलं की डोळे आणि आठवण दोन्ही शाबूत असल्याची माझी खात्री पटली. पर्समधून सुई काढून ती शिवायला बसली. खांदे, मग उजवी बाही, मग उजवी कड. माणसं आमच्या डोक्यावरून आतल्या खोलीतली कपाटं नेत होती. मी दुसऱ्या खोक्यावर.

ती डावी कड शिवायला घेताना मी म्हटलं, "ताई, ते पाणी गरम आहे हे मला माहीत होतं की नाही, ते मला अजून सांगता येत नाही गं."

"मला येतं," ती सुईवरून नजर न हलवता म्हणाली. "माहीत होतं तुला." दोरा ओढला, गाठ मारली. "तरी विणलंय ना? गप बस आता."

मी माझा खोका तिच्याजवळ ओढला.

डावी कड शिवून झाली, तेवढ्यात बाहेरून भाच्याने हॉर्न दिला. डावी बाही राहिली होती. "राहू दे," मी म्हटलं, "लोकरवाल्यांकडून शिवून घेईन."

ताईने स्वेटर माझ्या मांडीवर टाकला आणि डावी बाही नीट घडी घालून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. चेन लावली.

"त्याला हात लावू द्यायचा नाही. शिवून हवी तर माझ्याकडे ये."

टेम्पो वळेपर्यंत मी तिथेच उभी होते. घरी येऊन स्वेटर घातला. दुपारी एक काम धुवायचं होतं. स्टुलावर बसले आणि हात सवयीने उजव्या मनगटाकडे गेला, तिथे दुमडायला काही नव्हतं.

संध्याकाळी लोकरवाले नवी पिशवी घेऊन आले. माझा एक हात बाहीत आणि एक उघडा बघून दारातच थांबले.

"पुढच्या महिन्यात आठ दिवस काम घेणार नाही," मी सांगितलं.

"का हो, काय झालं?"

"थंडी वाजतेय," मी म्हटलं.